काचेवरचं कुंकू

शाळावाले मला बोलावतात. फोनवर आवाज अगदी मधाळ असतो. "मॅडम, आमच्या नववी-दहावीच्या मुलांना सौरऊर्जेतल्या नोकऱ्यांबद्दल जरा सांगा ना. आणि मुलींना थोडी प्रेरणा द्या." प्रेरणा म्हणे! मला कोणी प्रेरणा दिली नाही. मला राग आला होता. त्या रागावर मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, लोकांच्या छतांवर चढले, पॅनेल बसवले, आता रिटायर झाले, तरी तो राग काही सरला नाही. ज्यांना गोडगोड ऐकायचं आहे त्यांनी दुसरी बाई शोधावी. मी सांगते ते हे असं आहे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा नागपूरच्या प्रताप नगरात घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. आम्ही मायलेकी दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी सहावीत असताना बाबा गेले, आणि सदर भागातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांच्या जागी आईला घेतलं. सकाळी डबा करून ती बसनं जायची, दिवसभर पाकिटं चिकटवून त्यांच्यावर पत्ते लिहायची आणि संध्याकाळी यायची. घर तिच्या पगारावर चालायचं, पण घरातलं पानही मोठेबाबांना विचारल्याशिवाय हलायचं नाही. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. नरखेडकडे गावी राहायचे, संत्र्यांची बाग होती त्यांची.

माणूस वाईट नव्हता. यायचे तेव्हा मोसंबीचं पोतं खांद्यावर असायचं आणि मला पाहिलं की "काय वं पोट्टे, वाळून राहिली का?" म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडेच असायचे. दुपारी हमखास लाईन जायची. विहिरीत पाणी, मोटर धडधाकट, आणि झाडं मात्र तहानलेली. मोठेबाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून लाईनची वाट पाहायचे आणि वीज मंडळाच्या सात पिढ्या उद्धरायचे.

एकदा मी म्हटलं, "मोठेबाबा, एवढं ऊन फुकट जाऊन राहिलं. ह्याच्यावर पंप नाही चालत का?"

ते खोकला लागेस्तोवर हसले. "ऊन पाणी आटवते बापा, काढत नाही!"

मला मात्र ती गोष्ट हसण्यावारी नेता येईना. शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं. बाई तरुण होत्या, नवीनच लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, उन्हापासून वीज होते, आकाशात सोडलेल्या उपग्रहांवर तसलीच पॅनेलं असतात. झालं! त्या दिवसापासून मला इलेक्ट्रिकल करायचं होतं. दहावी झाली की पॉलिटेक्निक. पण मोठेबाबांनी माझं आधीच ठरवून ठेवलं होतं. डी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं आणि मग स्थळ पाहायचं. "पोरीच्या जातीनं खांबावर चढावं का?" आईला विचारलं की ती म्हणायची, "मोठ्या भाऊजींना विचारू." मला तिचा भारी राग यायचा. पगार तिचा, पोरगी तिची, आणि विचारायचं भाऊजींना!

दहावीच्या वर्षी एक दार किलकिलं झालं. मे महिन्यात एका पॉलिटेक्निकमध्ये शाळकरी मुलांचं शिबिर असायचं. मोटर कशी चालते, वायरिंग कसं करतात, पुढे कुठे काम मिळतं, असं सगळं दाखवायचे. दरवर्षी मुलंच जायची. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या मुलींच्या शाळेला दोन जागा मिळाल्या. विज्ञानाच्या बाईंनी माझं नाव सुचवलं, मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मान डोलावली. होळीला मोठेबाबा आले तेव्हा मी भीत भीत सांगितलं. त्यांनी बराच वेळ सुपारी चघळली आणि म्हणाले, "शाळेनंच निवडलं म्हणतेस? मंग जाऊन ये. शिबिरातल्या मास्तरांनी बरं म्हटलं, तर मी आडवा येणार नाही. पण शाळेनं पाठवलं तरच हं. आपल्या मनानं काही चालणार नाही." म्हणजे माझं सगळं त्या एका निवडीवर टांगलेलं होतं. मी रात्रंदिवस शहाण्यासारखी वागत होते.

परीक्षा संपली आणि एप्रिलात शाळेनं कार्यक्रम ठेवला, 'दहावीनंतर काय?' शेजारच्या मुलांच्या शाळेलाही बोलावलं. सौरऊर्जेच्या खात्यातले एक साहेब मार्गदर्शनाला येणार होते आणि सूर्यचूल दाखवणार होते. चूल आदल्या दिवशीच जीपमधून येऊन पडली. लाकडी पेटी, आतून काळीकुट्ट, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा. आणि काळे रंगवलेले डबे. मी तिच्याभोवती इतकी घुटमळले की शिपायानं मला दोनदा हाकललं.

आता नागपूरचा एप्रिल. आम्ही नागपूरची माणसं उन्हाला दुश्मन मानतो. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. पाहुणा आला की त्याला आधी सावली द्यायची, मग पाणी. म्हणून कार्यक्रमासाठी अख्ख्या मैदानावर जाड कापडाचा मांडव घातला. आणि नवी वस्तू आली की तिची पूजा झालीच पाहिजे, मग ती सायकल असो की पिठाची गिरणी. मोठ्या बाईंनी सूर्यचूल मांडवात, स्टेजवर, नक्षीचा टेबलक्लॉथ घालून ठेवायला लावली. सकाळी विज्ञानाच्या बाईंनी आणि मी मिळून डब्यात तांदूळ-पाणी घातलं. मग मोठ्या बाईंनी काचेवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, हळदीची बोटं ओढली, आरशावर झेंडूचा हार घातला आणि काचेवर मधोमध नारळ ठेवला.

"बाई, पण ऊन?" मी हळूच म्हटलं.

"चूप राहा," विज्ञानाच्या बाई पुटपुटल्या. "मी म्हणून पाहिलं. पाहुण्यांना दिसायला हवं म्हणतात." काखेत कळसा आणि गावाला वळसा! वीतभर बाहेर सूर्य आग ओकत होता आणि सूर्यचूल सावलीत नटून बसली होती.

साहेब तास-दीड तास उशिरा आले. पुढे खुर्च्यांवर मुलं, मागे सतरंजीवर आम्ही. साहेबांनी तक्ते दाखवले, छान बोलले. कोळसा एक दिवस संपणार, सूर्य संपत नाही, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. मुलांना म्हणाले, तुमच्यातूनच इंजिनिअर निघतील, कारखाने निघतील, उन्हावर पंप चालतील. पंप! मी एकदम सरसावून बसले. मग मागे पाहून म्हणाले, "आणि मुलींनो, तुमचा त्रास वाचेल. डाळ-तांदूळ ठेवायचे आणि निवांत विणकाम करत बसायचं."

मी उभी राहिले. "साहेब, ते उन्हावरचे पंप बनवायला मुलींना घेतात का?"

साहेब हसले. "मुलांनी बनवायचं, मुलींनी वापरायचं. दोघांनाही काम!" टाळ्या पडल्या. मुलांनी तर शिट्ट्याही मारल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण शिबिर आठवलं आणि मी खाली बसले.

मग चूल उघडायची वेळ झाली. साहेबांना वाटलं, सकाळपासून उन्हात होती आणि आता दाखवायला आत आणली. त्यांनी मोठ्या थाटात नारळ उचलला, काच उघडली, डब्यात चमचा घातला. तांदूळ टणटणीत. सकाळी घातले तसेच पाण्यात बसलेले. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "सूर्य बी सुट्टीवर गेला का बे?" सगळा मांडव खो खो हसला. साहेब लाल झाले. माणूस लाजला की दुसऱ्यावर ढकलतो, तसंच झालं. माईकवर म्हणाले, "डबा मुलींनी भरला होता ना? पाणी बरोबर घातलेलं दिसत नाही."

डबा मुलींनी भरला होता! म्हणजे मी. आता शिबिर गेलं खड्ड्यात. मी सतरंजीवरून उठले ती तरातरा स्टेजवर. "साहेब, पाणी बरोबर हाय. तुमची चूल सावलीत बसून राहिली सकाळपासून. ऊन लागलंच नाही तिले."

साहेबांनी वर कापडाकडे पाहिलं. मोठ्या बाई दातओठ खात "खाली जा" म्हणत होत्या. मी काच परत लावली, आरशावरचा हार काढून टेबलावर ठेवला, पाहुण्यांसाठी भरलेल्या ग्लासात रुमाल बुडवला आणि काचेवरचं स्वस्तिक खसाखसा पुसलं. आधी ते नुसतंच फरफटलं, सगळी काच लाल झाली. मी परत रुमाल बुडवला, परत पुसलं. मागे बायकांचा "अगं बाई!" असा आवाज उठला. मी तिकडे लक्षच दिलं नाही. काच स्वच्छ झाल्याशिवाय ऊन आत कसं जाणार? एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"उचल वं," मी माझ्या मैत्रिणीला म्हटलं. ती बिचारी रडवेली झाली होती, पण आली. दोघींनी पेटी धरली आणि मैदानाच्या उघड्या कोपऱ्यात नेली. चपला सतरंजीपाशी राहिलेल्या. पायाखालची माती अशी तापलेली की आम्ही दोघी नाचत नाचत गेलो आणि पोरं हसत सुटली. हसा लेकहो. मी आरसा इकडे तिकडे करून त्याचा कवडसा बरोब्बर पेटीत पाडला आणि तिथंच बसले. हळूहळू आमच्या वर्गातल्या मुली डोक्यावर रुमाल टाकून येऊन उभ्या राहिल्या. "सरका वं, सावली नका पाडू!" मी ओरडत होते.

भाषणं संपली, पाहुणे जेवायला ऑफिसात गेले. दोन तास आम्ही उन्हात. काचेवर आतून वाफ धरली तेव्हा मैत्रिणीनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. उघडलं तर भात! मोकळा, पांढराशुभ्र, फुलून वर आलेला. मी खरंच रडले, लाज कसली? आम्ही हात पोळत, फुंकत, नुसता भात खाल्ला. मुलांच्या शाळेतले चारदोन जण रेंगाळले होते, ते म्हणाले, "आम्हाले बी दे ना."

"थांबा," मी म्हटलं. "मुलींनी वापरायचं हाय ना? आम्ही वापरून राहिलो."

तेवढ्यात शिपाई आला, मोठ्या बाईंनी बोलावलंय म्हणून. मला वाटलं, भाताचंच काहीतरी असेल. मी डबा घेऊनच गेले. बाईंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शाळेसाठी जीव टाकणारी बाई ती, पण त्या दिवशी तिनं टेबलावर हात आपटला. "चैत्राचा महिना. घरोघर गौरीचं हळदीकुंकू चाललंय. आणि तू भर सभेत, शाळेच्या स्टेजवर, कुंकू पुसलंस?"

"बाई, ते काचेवर होतं. ऊन अडत होतं."

"उलट बोलू नकोस! उद्या आईला घेऊन ये. सगळ्या शिक्षिकांसमोर माफी मागायची. नाहीतर शिबिरातून तुझं नाव कापलं समज."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुंकू पुसलं. आमच्या घरात हे शब्द कोणी उच्चारत नव्हतं. चैत्रात शेजारपाजारच्या बायका दारात यायच्या आणि आईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "मुलीला पाठवा हं हळदीकुंकवाला." आई हसून हो म्हणायची आणि आत जाऊन भांडी घासायला बसायची. आता हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

संध्याकाळी सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पोळपाटावर हात ठेवून तशीच बसली. मग म्हणाली, "भात शिजला का?"

"शिजला."

"चांगला?"

"मोकळा झाला."

"हं," म्हणाली, आणि पोळ्या लाटायला लागली. माफी माग म्हणाली नाही, नको मागू असंही म्हणाली नाही. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं. मागितली तर शिबिर, पॉलिटेक्निक, सगळं हाताशी. नाही मागितली तर डी.एड. पण मी चुकले कुठे? हे कोणी मला सांगेल का?

दुसऱ्या दिवशी आईनं ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली. फिक्या रंगाचं नेहमीचं लुगडं, मोकळं कपाळ. मोठ्या बाईंच्या ऑफिसात सगळ्या शिक्षिका भिंतीला लागून उभ्या होत्या. विज्ञानाच्या बाई जमिनीकडे पाहत होत्या. आईला खुर्ची कोणी दिली नाही. मोठ्या बाईंनी झाला प्रकार सांगितला, पोरगी हुशार आहे पण वळण नाही म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "तुमचाही दोष नाही म्हणा. कुंकवाची किंमत कळायला घरात कुंकू लावणारं माणूस लागतं."

माझे कान तापले. मी काहीतरी बोलणार, तर आईनं माझं मनगट धरलं.

"बाई," ती म्हणाली. ऑफिसात बोलायची तशी शुद्ध सुरुवात केली तिनं. "कुंकू पुसणं वाईट, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे." आणि मग तिची भाषा सुटली. "माझं पुसलं ना, तवा घरभर बायका होत्या. तुमच्यासारख्याच, चांगल्या घरच्या. एकीनं हात धरले, एकीनं पुसलं. ओल्या फडक्यानं, कपाळाची सालटी निघेस्तोवर. तवा कोणी म्हटलं नाही, नका पुसू, वाईट हाय म्हणून. कोणी माफी मागाले आलं नाही. त्यानं कोणाचं भलं झालं, बाई? मले सांगा. हिनं काचेवरचं पुसलं तर निदान भात तरी शिजला. आता कोणी कोणाची माफी मागाची, ते तुम्हीच सांगा."

मी आईला असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. मोठ्या बाई टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, मला वाटलं आता विरघळतील. पण एवढ्या शिक्षिकांसमोर माघार कशी घ्यायची? त्या खाली पाहूनच म्हणाल्या, "शिस्त ती शिस्त. माफी नसेल तर नाव कापावं लागेल."

"कापा," आई म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. मैदानातला मांडव सोडून नेला होता, नुसते खड्डे उरले होते. पाण्याच्या नळापाशी आल्यावर आई ओट्यावर बसली, ओंजळीनं पाणी प्यायली, तोंडावर मारलं. माझा सगळा ताठा तिथंच गळाला. मी हमसून हमसून रडले. शिबिर गेलं. शाळेनं पाठवलं तरच, असं मोठेबाबांनी बजावलं होतं, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"रडून नको राहू," आई उठली. "तुझं ते पॉलिटेक्निक कुठं हाय? चाल, दाखव मले. मंग नरखेडची एस.टी. पकडू."

"आत्ता? ह्या उन्हात?" मी नाक पुसलं. "अन् मोठेबाबा नाही म्हणाले तर? त्यांना कसं विचारशील तू?"

आईनं पदर डोक्यावरून घेतला आणि फाटकाकडे निघाली.

"विचाराले कोण जाऊन राहिलं वं?" ती म्हणाली. "सांगाले चाललो आपण."